पतीचा जबाब

४ फेब्रुवारी

वकीलबाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवा. हिला आज काय जमलं, काय नाही जमलं, किती वेळ बसली. ते मी सुट्या कागदांवर लिहितो आणि त्यांच्या ऑफिसात नेऊन देतो. ही डायरी वेगळी. लिफ्ट कंपनीनं नव्या वर्षाची म्हणून आम्हा सगळ्या मेकॅनिकना वाटली होती, ती कोरीच पडून होती. वकीलबाईंच्या कागदात जे लिहिता येत नाही ते इथे लिहावं म्हणतो.

गेल्या जूनमध्ये ही कामावर निघाली होती. सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून मालाचा टेम्पो येऊन आदळला. मान, उजवा खांदा, गुडघा. हाड मोडलं नाही आणि तेच नडलं. मोडलं असतं तर एक्स-रेमध्ये दिसलं असतं. आमच्याच विमा कंपनीनं आधी काही महिने फिजिओथेरपीचा खर्च दिला, घरी येणाऱ्या मदतनीस बाईचा मात्र दिला नाही. मग पत्र आलं की दुखापत किरकोळ आहे, रुग्ण पूर्ववत झाली आहे आणि घरी बघायला नवरा आहे. वकीलबाईंनी विम्याचे तंटे सोडवणाऱ्या ट्रायब्युनलकडे दाद मागितली. सुनावणी मे महिन्यात आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी वर्षभर नीट उपचार मिळाले तर ही परत दुकानात उभी राहील. नाही मिळाले तर खांदा आहे तसाच आखडून जाईल.

उपचारांचं मला पटतं. मदतनीस बाईचं नाही. मी अर्ध्या दिवसाची पाळी मागून घेतली आहे. हिला उठवतो, बसवतो, न्हाणीघरात नेतो. परकं माणूस घरात कशाला? पण उपचार, मदतनीस आणि बुडालेला पगार, तिन्ही मागण्या एकाच अर्जात आहेत म्हणे.

जाताना वकीलबाई म्हणाल्या, "कंपनीची माणसं बघायला येतील हं. जपून राहा." येऊ देत की. मी बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसून ठेवल्यात.

११ फेब्रुवारी

दुकानाच्या मालकाचा फोन आला होता. ही चष्म्याच्या दुकानात काम करते. करायची. चष्मा कोणीही विकेल, पण बसवावा हिनंच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. समोर माणूस बसलेला, ही वाकून त्याच्या कानामागे दोन बोटं घालणार, दांडी किंचित वाकवणार, "आता बघा बरं" म्हणणार. बायका दहा मिनिटांत चष्मा घेऊन जायच्या. पुरुषांच्या दांड्या मात्र दर आठवड्याला सैल व्हायच्या. मी एकदा दुकानात बसून हा सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. त्यानंतर हिनं मला दुकानात यायची बंदी केली.

मालक म्हणाला, सगळे विचारतात. ही फोनवर हसली. ते हसू मी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं. सगळे म्हणजे कोण कोण, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

माझ्याशी ही अलीकडे फार बोलत नाही. खुर्चीतून उठवताना एक श्वास आत घेते, हसते, झालं. लिफ्ट बिघडायच्या आधी आवाज करते. बंद दारामागूनही मी सांगू शकतो कुठली पुली घासतेय. ही मुळी आवाजच करत नाही, म्हणजे सुधारतेय. वकीलबाईंना हे लिहून दिलं तर चिडतील, म्हणून इथे लिहिलं.

२ मार्च

समोरच्या फुटपाथला एक राखाडी गाडी उभी होती. आत एक माणूस. सकाळी मी कामावर निघालो तेव्हा होता, दुपारी आलो तेव्हाही होता. कोणाला सोडायला आलेला माणूस इतका वेळ बसत नाही.

३ मार्च

आज परत. मी मुद्दाम गाडीच्या बाजूनं गेलो. चाळिशीचा असेल. केस नीट बसवलेले, शर्ट इस्त्रीचा. आणि चष्मा! पातळ सोनेरी काड्या, बिनकडेच्या काचा. असली फ्रेम या भागात एकाच दुकानात मिळते. आणि नाकावर अशी बसली होती की तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

घरी येऊन हिला म्हणालो, "समोर एक गाडी असते हल्ली."

"असेल," ही म्हणाली.

"राखाडी."

"बरं."

गाडी कुणाची, कशाला, काही नाही. ज्याला काहीच माहीत नसतं तो निदान विचारतो तरी.

५ मार्च

माझं डोकं फिरलं आहे. फिजिओथेरपीवाला घरी येऊन हिचा हात धरून फिरवायचा, तेव्हाही मी दारात उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघायचो, पण तो निदान आधी बेल तरी वाजवायचा. हा नुसता बसून असतो आणि त्याची नजर आमच्या खिडकीवर असते. एका ओळखीच्या बाईचं दुकान सुटलं, ती आजारी आहे असं ऐकलं, म्हणून कोणी गाडी घेऊन तिच्या दारासमोर दिवस काढतं का? काढत असेल तर ती नुसती ओळख नसते.

आणि ही खिडकीशीच बसते. उजेड चांगला असतो म्हणे.

६ मार्च

ठरवलं. भांडण करून उपयोग नाही, भांडणानं असल्या माणसांना चेव येतो. त्याला दिसलं पाहिजे की या घरात नवरा-बायको सुखात आहेत आणि त्याच्यासाठी बोटभरही फट नाही.

मी हिला म्हणालो, "चल, फिरून येऊ."

ही माझ्याकडे बघतच राहिली. कधी म्हणून मी असं म्हटलेलं नाही. फिरणं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं, गॅलरीत दोन फेऱ्या, मी पाठीमागे.

"आत्ता?"

"आत्ताच. तो निळा ड्रेस घाल. आणि मानेचा पट्टा नको, गळाच दिसत नाही त्यात."

हिनं निळा ड्रेस घातला, मी बटणं लावून दिली. काठी घ्यायला लागली तर मी म्हणालो, "काठी कशाला? माझा हात आहे ना."

हिनं मग काठी परत कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या कोपराला धरलं. आम्ही गाडीच्या अगदी समोरून गेलो. मी ताठ चाललो. हसून हिच्याशी बोललो, काय बोललो ते आठवत नाही. बेकरीपर्यंत जाऊन आलो. त्या माणसानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. झोंबल्या असतील मिरच्या.

७ मार्च

ही दिवसभर पलंगावर. तोंड भिंतीकडे. जेवायला उठवलं तर म्हणाली, भूक नाही. तो काल समोर होता आणि आज आला नाही, म्हणून हा रुसवा. मला काय कळत नाही?

१० मार्च

गाडी आली. मीही तयारच होतो. आज बाजारात गेलो, गाडीही मागोमाग आली, आणि येताना भाजीची पिशवी हिच्या हातात दिली. जड नव्हती, पालेभाजीच होती बहुतेक. माझा एक हात हिच्या खांद्यावर ठेवायला मोकळा हवा होता. चार पावलं झाल्यावर ही माझ्याकडे बघून हसली. मी त्या वेळी गाडीकडे बघत होतो, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भेटल्या. नोकरी संपली तरी आवाज वर्गातलाच आहे. "अहो, किती दमवताय तिला! चेहरा बघा तिचा."

मी म्हणालो, "हवा लागली की तरतरी येते."

"ही तरतरी का?" असं म्हणून त्या गेल्या. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

११ मार्च

परत पलंग, परत भिंत. न्हाणीघरात न्यायला काखेत हात घालून उठवलं तर दात ओठांवर रोवलेले. इतका राग! मीही माणूस आहे.

१४ मार्च

आज सरळ गाडीपाशी गेलो आणि काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली केली. आतून गरम कॉफीचा वास आला.

"कोणाकडे आलात?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?"

"त्या घरात माझी बायको असते," मी म्हणालो आणि बोट दाखवलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला आणि काच वर केली.

माहीत आहे! तसाच वर गेलो. ही खिडकीशी होती, सगळं बघितलं होतं. म्हणाली, "काय बोललात त्याच्याशी?"

"तूच सांग, काय बोलायला हवं होतं."

हिनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. वाटलं आता सांगेल. पण म्हणाली, "शर्टाचं बटण तुटलंय तुमचं. उद्या फिरायला जाताना दुसरा घाला." आणि चक्क हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि ही हसते!

१५ मार्च

दुसरा शर्ट घातला. बागेपर्यंत गेलो, गाडी मागोमाग येऊन बागेबाहेर थांबली. बाकावर बसलो तेव्हा हिनं माझ्या कॉलरवरचा धागा काढला. उजव्या हातानं. हात वर जातोय की! हे आज वकीलबाईंच्या कागदात लिहिलं, सुधारणा म्हणून. नंतर वाटलं, नको होतं लिहायला.

२३ मार्च

गाडी येईनाशी झाली. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

पण दुपारी ही निळा ड्रेस कपाटातून काढून पलंगावर ठेवून बसली होती. म्हणाली, "आज नाही जायचं फिरायला?"

"आज कशाला? समोर कोणी नाहीये," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

ही ड्रेसची घडी घालायला लागली. डाव्या हातानं घालत होती, नीट जमत नव्हती. मी मदत केली नाही. तो असता तरच हिला बाहेर जायचं होतं, हे आता स्पष्टच झालं.

९ एप्रिल

काही विशेष नाही. ट्रायब्युनलची तारीख पक्की झाली. मेहुणा गाडीनं नेणार आहे. कंपनीकडून घर बघायला अजून कोणीच आलेलं नाही. मी वकीलबाईंना फोन करून तसं सांगितलंही. त्या घाईत होत्या.

१४ मे

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सुनावणी एका ऑफिसच्या इमारतीत होती, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं दार किंचित उशिरा बंद होत होतं, कोणीतरी तेल द्यायला हवं. खोली म्हणजे कोर्ट वाटत नव्हती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मोठा टीव्ही. समोर अध्यक्ष, पिकल्या मिशांचे, आवाज मऊ. एका बाजूला आम्ही दोघं आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील. मेहुणा मागे बसला.

हिनं सांगितलं ते मी पहिल्यांदाच असं सलग ऐकलं. केस विंचरता येत नाहीत. झोपेत कूस बदलली की जाग येते. चष्म्याचा स्क्रू बोटांत धरता येत नाही. सगळं खालच्या आवाजात सांगितलं.

मग कंपनीचा वकील म्हणाला, आम्हाला एक व्हिडिओ दाखवायचा आहे. वकीलबाई उसळल्या, आधी आम्हाला दिला नाही म्हणून. अध्यक्षांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दाखवा, उत्तर द्यायला अर्जदाराला वेळ मिळेल.

टीव्हीवर आमचा रस्ता आला. आमचं फाटक. फाटकातून मी बाहेर आलो, माझ्या कोपराला धरून ही, निळ्या ड्रेसमध्ये. ना काठी, ना पट्टा. व्हिडिओ गाडीच्या आतून घेतला होता, कोपऱ्यात स्टिअरिंग दिसत होतं.

खरं लिहितो. मला आनंद झाला. छातीवरचा दगड उतरला. तो हिचा कोणी नव्हता! कंपनीचा माणूस होता, पगारी! मी हिच्याकडे वळून हसलोसुद्धा असेन. मग बघितलं तर वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

बाजार, पिशवी, बाग, कॉलरवरचा धागा. कंपनीच्या वकिलानं धाग्याशी व्हिडिओ थांबवला. टीव्हीभर हिचा वर गेलेला उजवा हात.

"हा तुमचाच हात ना?"

"हो."

"त्या दिवशी दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"मग काठी का नव्हती? पट्टा का नव्हता?"

हिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. "सहज," म्हणाली.

"सहज," कंपनीचा वकील म्हणाला आणि लिहून घेतलं.

दहा मिनिटांची सुट्टी झाली. बाहेर वकीलबाईंनी मला भिंतीशी गाठलं. "हे काय आहे? तुम्हाला सांगितलं होतं ना, बघायला येतील म्हणून?"

"मला वाटलं, घरी येतील. बेल वाजवून."

त्यांनी डोळे मिटले. "काठी कुणी ठेवायला लावली?"

मी सांगितलं. सगळं. चष्म्याच्या फ्रेमपासून. त्या ऐकत होत्या आणि मला वाटत होतं, जमिनीनं पोटात घ्यावं. पलीकडे मेहुणा उभा होता, त्यालाही ऐकू गेलं. तो मान फिरवून पाणी प्यायला लागला.

"हे तुम्ही आत सांगायचं," वकीलबाई म्हणाल्या. "असंच. नाहीतर सगळं गेलं. तिचे उपचार, सगळं."

"सगळ्यांसमोर?"

"नोंद होते, तिथे सांगायचं."

मी हिच्याकडे गेलो. ही बाकावर बसली होती. म्हणाली, "नका सांगू. हसतील तुम्हाला." म्हणजे हिला ठाऊक होतं मी काय सांगणार ते. मला तेव्हा तेवढंही सुचलं नाही की हिला कसं ठाऊक.

आत गेलो. शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं आणि मी सांगितलं. मला वाटलं तो माणूस माझ्या बायकोसाठी येतो. मला त्याला दाखवायचं होतं. काठी मी ठेवायला लावली, पट्टा मी काढायला लावला, पिशवी मी हातात दिली. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

कंपनीचा वकील हसला. दात न दाखवता, पण हसला. "म्हणजे तुमचं म्हणणं, आमच्या तपासनिसाला तुम्ही तुमच्या बायकोचा..."

"हो," मी म्हणालो. त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"सोयीस्कर गोष्ट आहे."

"यात माझी कसली सोय?" मी म्हणालो.

अध्यक्षांनी हात वर केला. म्हणाले, "व्हिडिओ परत लावा. पहिल्यापासून." सगळ्यांनी परत बघितला. या वेळी अध्यक्ष पुढे वाकून बघत होते. मीही बघितलं. आधी मी फक्त हिची चाल बघितली होती. आता मला मी दिसलो. मान लांब केलेली, नाक फुगलेलं, आणि डोळे सतत कॅमेऱ्याकडे. फाटकाशी, बाजारात, बाकावर, प्रत्येक वेळी मी थेट गाडीत बघतोय, जणू फोटो काढून घ्यायला उभा आहे. आणि ही एकदाही गाडीकडे बघत नाही. एकदाही नाही. ही सगळा वेळ माझ्याकडे बघतेय.

अध्यक्षांनी हिला विचारलं, "तुमच्या यजमानांच्या मनात काय आहे, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो," ही म्हणाली. "ते कसे चालायला लागतात ते मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून बघतेय."

"मग दुखत असताना गेलात कशाला?"

ही म्हणाली, "अपघात झाल्यापासून हे माझ्याकडे आले की आधी पाय बघायचे, मग काठी, मग घड्याळ बघून गोळी द्यायचे. त्या दिवशी म्हणाले, निळा ड्रेस घाल." मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी उठता येणार नाही हे माहीत होतं. तरी गेले."

कोणी हसलं नाही. कंपनीचा वकीलही नाही. मला मात्र काही दिसेनासं झालं होतं.

१५ मे

मेहुण्याचा फोन. "भावोजी, कसे आहात?" असं इतक्या सांभाळून म्हणाला की मी फोन हिच्याकडे दिला.

हिच्याशी अजून बोललो नाही. बोलायचं म्हणजे कुठून सुरू करायचं? भिंतीकडे तोंड करून पडली होती ते सगळे दिवस मी रुसवा म्हणून मोजले आहेत. याच डायरीत आहेत. आज वाचले.

२६ जून

निकाल आला. मेहुणा केक घेऊन आला, "जिंकलात भावोजी!" म्हणत. फिजिओथेरपी पूर्ण वर्षाची मंजूर. पगाराच्या भरपाईची मागणी अर्धीच मान्य. आणि मदतनीस मंजूर, रोज सकाळी.

ही म्हणाली, वाचून दाखवा. मी मोठ्यानं वाचायला लागलो. "अर्जदाराच्या पतीचा जबाब त्यांच्या स्वतःच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारा आहे. असा जबाब कोणी बनवून देईल असे आम्हाला वाटत नाही. चित्रीकरणातील त्यांची नजर या जबाबाला पुष्टी देते. तो ग्राह्य धरण्यात येत आहे." मेहुणा खोकला. म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी ठरलं, मी मूर्ख आहे, आणि मूर्ख आहे म्हणून खरा आहे.

पुढचा परिच्छेद मी मनात वाचला. ही म्हणाली, मोठ्यानं. वाचला. "तथापि याच जबाबावरून असेही दिसते की पतीकडून होणारी देखभाल, ती कितीही आपुलकीची असली तरी, अर्जदारास अपायकारक ठरलेली आहे. पती उपलब्ध असल्याने मदतनिसाची गरज नाही, हा विमा कंपनीचा युक्तिवाद त्यामुळे फेटाळण्यात येतो."

कंपनी म्हणत होती, नवरा आहे ना. ट्रायब्युनल म्हणालं, नवरा आहे म्हणूनच.

ही हसायला लागली. खांद्याला धरून हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "अहो," म्हणाली, "आपलंच काम झालं ना?"

झालं. केक मला गोड लागला नाही.

३ जुलै

मदतनीस बाई आजपासून आल्या. रुंद खांद्यांच्या, हातात रबरी चपला, घरात शिरताच बदलल्या. मी तयारीत होतो. टॉवेल कुठे, तेल कुठे, हिला कुठल्या बाजूला घ्यायचं, सगळं दाखवायचं होतं. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर बसा जरा." आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

माझ्याच घरात मी बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखा. वर्तमानपत्र उघडलं, वाचलं काहीच नाही. आतून बाईंचा आवाज येत होता. "हं, इकडे वळा... हळू... दुखलं की ओरडायचं बरं का. ओरडलात तर मला कळणार, कुठे थांबायचं ते."

आणि ही ओरडली.

"आई गं!" अशी, पोटातून, की माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. मी धावत दाराशी गेलो. आत बाई म्हणत होत्या, "शाब्बास. आणखी? इथे?" आणि ही परत ओरडली, आणि मग दोघी हसल्या. दोघी!

मी दाराला हात लावून उभा होतो. मला जे वाटलं ते लिहितो. मला त्या बाईचा हेवा वाटला. राखाडी गाडीवाल्याचा वाटला नव्हता इतका. त्यांना घरात येऊन तास झाला नव्हता आणि हिनं त्यांच्यासमोर ओरडून घेतलं. मी वर्षभर हिला उठवलं, बसवलं, आणि माझ्या वाट्याला काय आलं? एक श्वास आणि हसू. दुखणं हिनं मला कधी दिलंच नाही, लपवून ठेवलं माझ्यापासून, आणि आज त्या बाईला आयतं देऊन टाकलं.

बाई गेल्यावर मी दिवसभर घुम्यासारखा होतो. हिनं दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

संध्याकाळी हिला खुर्चीतून उठवायचं होतं. संध्याकाळ अजून माझी आहे. मी नेहमीसारखा वाकलो, उजव्या काखेत हात घातला. हिनं नेहमीसारखा श्वास आत घेतला आणि हसली.

"ओरड," मी म्हणालो.

"काय?"

"दुखतंय ना? मग ओरड. तिच्यासमोर ओरडतेस ना?"

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय. नोंद आहे त्याची. ओरड."

हिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी पायाकडे बघत नव्हतो, घड्याळाकडे बघत नव्हतो. मी तसाच वाकून, हात तिथेच ठेवून थांबलो. मग मी उचलायला लागलो आणि ही ओरडली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, माझ्या कानात. वरून मास्तरीणबाईंची खुर्ची सरकली.

मी लगेच थांबलो. हात काखेतून काढला आणि खाली कमरेशी घेतला. परत उचललं. या वेळी ही ओरडली नाही आणि श्वासही आत घेतला नाही, सरळ उभी राहिली.

वर्षभर मी हिला जिथे धरून उठवत होतो, तिथेच दुखत होतं.